पिल्लाची वंशावळ : कागद कसा वाचावा

(पशुसंवर्धनविषयक ग्राममेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



गाईम्हशींचे आरोग्य, चारा आणि लसीकरण यांविषयी तज्ज्ञ अधिकाऱ्यांनी सकाळपासून आपणांस मार्गदर्शन केलेच आहे. मी पशुवैद्य नाही. मी कलाशाखेचा पदवीधर, आणि माहिती खात्यातील नोकरीत माझी उमर छापील कागदांच्या सहवासात गेली आहे. आजचा माझा विषयही कुत्र्याचा म्हणण्यापेक्षा कुत्र्याच्या कागदाचा आहे, आणि म्हणूनच तो माझ्याकडे सोपविण्यात आला असावा. या विषयात माझ्या हातून एक मोठी चूक घडलेली आहे. तीही मी आपणांस सांगणार आहे.

आपल्या गावांतून अलीकडे एक नवी हौस दिसू लागली आहे. बोटीवरून रजेवर आलेला मुलगा घरी लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणतो. काजूच्या बागायतीची राखण करण्यास कोणी डॉबरमन बांधतो. मुलांच्या हट्टापायी कोणी पांढरेशुभ्र केसाळ पिल्लू घेऊन येतो. हौसेला मोल नसते हे खरे, परंतु पिल्लाला असते, आणि ते बरेच असते. विकणारा पहिल्याच वाक्यात विचारतो, ‘पेपरवाले हवे की बिनपेपरचे?’ पेपरवाल्याची किंमत अर्थातच अधिक. घेणारा मान डोलावतो, पैसे मोजतो, एक जाड कागद घडी घालून खिशात ठेवतो आणि घरी आल्यावर तो कपाटात टाकतो. त्या कागदावर काय लिहिले आहे, हे फारच थोडे लोक वाचतात. ज्या गोष्टीसाठी जादा पैसे मोजले तीच न वाचता ठेवून देण्याचा हा प्रकार जमिनीच्या व्यवहारात आपण कधी करू काय?

जमिनीची गोष्ट निघालीच आहे, तर तिच्याच आधाराने पुढे जाऊ. एक-चौदाचा उतारा आपल्यापैकी प्रत्येकाने हाताळलेला आहे. जमीन कोणाच्या नावावर, कूळ कोण, क्षेत्र किती हे त्यावरून कळते. पण त्या जमिनीतील विहिरीचे पाणी वैशाखात आटते की नाही, शेजारी भांडखोर आहे की सालस, हे उताऱ्यावर कोणी लिहीत नाही. त्यासाठी स्वतः जाऊन पाहावे लागते. कुत्र्याचे नोंदपत्रही असेच असते. त्यावर वंश लिहिलेला असतो. प्रकृती आणि स्वभाव लिहिलेले नसतात. एवढे ध्यानात ठेवून कागद वाचावयास घेतला म्हणजे तो बरेच काही सांगू लागतो.

अशी नोंद ठेवण्याची रीत मूळची विलायतेतील. इंग्लंडमध्ये १८५९ साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले संघटित प्रदर्शन भरले. पुढे प्रदर्शने वाढली तसा घोटाळाही वाढला. एकाच नावाची अनेक कुत्री, आणि बक्षीस मिळविणारे नेमके कोणते हे कोणास सांगता येईना. १८७३ साली तेथे केनेल क्लबची स्थापना झाली, दुसऱ्याच वर्षी वंशनोंदीचा पहिला ग्रंथ निघाला, आणि १८८० पासून प्रत्येक कुत्र्याचे नाव स्वतंत्रपणे नोंदविण्याची पद्धत सुरू झाली. म्हणजे या साऱ्या कागदांचा जन्म मुळात ओळख पटविण्याच्या गरजेतून झाला. हा कागद याच कुत्र्याचा काय, हा तेव्हाचा पहिला प्रश्न होता, आणि आजही पहिला प्रश्न तोच आहे.

आपल्या देशात हे काम प्रामुख्याने केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था करते. तिचे मुख्य कार्यालय चेन्नई येथे आहे. ही संस्था म्हणजे सरकारी खाते नव्हे, हे मी सरकारी नोकर या नात्याने मुद्दाम सांगतो. कागदावर मोहोर दिसली की तो सरकारी असे समजण्याची आपली जुनी सवय आहे, आणि काही विक्रेते त्या सवयीचा फायदा घेतात. इंडियन नॅशनल केनेल क्लब अशीही एक निराळी संस्था आहे. तेव्हा ‘पेपर आहे’ एवढ्यावर समाधान न मानता, कोणत्या संस्थेचा, हे आधी विचारावे. वाटेल त्याने छापखान्यात जाऊन सोनेरी किनारीचा कागद छापून घेतला तर त्याला कोण अडविणार? ज्या कागदावर नोंदणी करणाऱ्या संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक नाही, तो कितीही देखणा असला तरी लग्नपत्रिकेहून अधिक मोलाचा नाही.

आता खरा कागद हाती आला असे समजू. त्याच्या पहिल्या भागात पिल्लाची माहिती असते. नाव, जात, नर की मादी, रंग, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, मायक्रोचिपचा क्रमांक, पैदास करणाऱ्याचे नाव आणि मालकाचे नाव. पिल्लाचे नाव लांबलचक असले तर गोंधळून जाऊ नये. त्यातील एक भाग बहुधा पैदास करणाऱ्याच्या श्वानगृहाचे नाव असते. आपल्याकडे जसे आडनाव, तसेच ते. घरी त्याला मोती म्हणा की टायगर, कागदावरचे नाव बदलत नाही.

जातीच्या नावाशी मात्र जरा थांबावे. आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो, त्याच्या कागदावर ‘जर्मन शेफर्ड’ असे लिहिलेले आढळेल. कुत्रा एकच. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जर्मन हे नाव उच्चारणेही लोकांना नकोसे झाले, म्हणून तेथे त्याला अल्सेशियन हे नाव मिळाले, आणि तेथील केनेल क्लबने १९७७ साली मूळचे नाव पुन्हा दिले. आपल्या गावांत जुनेच नाव टिकून राहिले आहे. याउलट, पॉमेरेनियन म्हणून आपल्याकडे घरोघर जी पांढरी केसाळ कुत्री दिसतात ती बहुतांशी इंडियन स्पिट्झ या निराळ्या जातीची असतात. कुत्री गुणी, आपल्या हवेत चांगली राहणारी. त्यांना पाळण्यात काहीच कमीपणा नाही. परंतु तोंडाने पॉमेरेनियनची किंमत सांगावयाची आणि हाती स्पिट्झ द्यावयाचा, हा व्यवहार झाला नाही. येथे कागदाच्या एकाच ओळीने खरेखोटे कळते.

यानंतर येतो वंशवृक्ष. तो बहुधा डावीकडून उजवीकडे वाचावयाचा. प्रथम पिता व माता, त्यांच्या पुढे चार आजी-आजोबा, आणि त्यांच्या पुढे आठ पणजी-पणजोबा. तीन पिढ्यांची मिळून चौदा नावे झाली. पिल्लू एक आणि पूर्वज चौदा, तेव्हा हाही एक-चौदाचाच उतारा म्हणावयाचा!

या चौदा नावांपैकी एखाद्यापुढे चॅम्पियन या अर्थाची अक्षरे असतात. विकणारा त्यांवरच बोट ठेवून बोलतो. त्या अक्षरांचा अर्थ एवढाच की तो पूर्वज प्रदर्शनांत, त्या जातीच्या ठरलेल्या रूपलक्षणांप्रमाणे, उत्तम ठरला होता. तो राखणीला चांगला होता काय, त्याचे हृदय निकोप होते काय, हे त्या अक्षरांवरून कळत नाही. शिवाय हा मान कोणत्या पिढीत आहे तेही पाहावे. पिल्लात पित्याचा वाटा निम्मा, आजोबाचा सरासरीने चौथा आणि पणजोबाचा आठवा. पणजोबा चॅम्पियन असणे म्हणजे जुन्या हिशेबाने रुपयात दोन आणे. दोन आण्यांसाठी रुपयाची किंमत मोजावी काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता माझी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या हट्टाखातर मी एका शहरातून जर्मन शेफर्डचे मादी पिल्लू आणले. विक्रेता नोंदणीकृत, कागद खरा, छपाई सुबक. अक्षरांच्या मांडणीवर आणि कागदाच्या दर्जावर मी स्वतः चार वाक्ये बोललो, आणि पुढे तो कागद काचेच्या चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो दाखवीत असे. पिल्लू आठ महिन्यांचे झाले आणि मागचे पाय ओढू लागले. सकाळी उठताना कण्हे, पायरी चढताना थांबे. मुलगी शाळेतून आली की तिच्या अंगावर उडी घेणारी कुत्री जागच्या जागी शेपूट हलवू लागली. पशुवैद्यांनी क्ष-किरण चित्र काढले. खुब्याच्या सांध्याची खळगी उथळ, आणि मांडीच्या हाडाचा गोळा तीत नीट बसत नव्हता. या विकाराला हिप डिस्प्लेझिया म्हणतात. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर अशा मोठ्या जातींत तो विशेष आढळतो.

डॉक्टरांनी कागद आणावयास सांगितला. मी चौकटीसकट घेऊन गेलो. त्यांनी तो टेबलावर आडवा ठेवला आणि एका नावावर बोट ठेवले. ते पित्याचे नाव होते. मग त्यांनी बोट खाली नेऊन मातेच्या नावापुढे टेकविले. मातेच्या पित्याच्या जागी तेच नाव, तोच क्रमांक. म्हणजे आमच्या कुत्रीचा बाप आणि आईकडचा आजोबा एकच होता. बापाची जोड लेकीशी लावलेली होती. विक्रेत्याने काही लपविले नव्हते. त्याने दिलेला कागद सहा महिने माझ्या भिंतीवर, काचेआड, स्वच्छ अक्षरांत हेच सांगत होता, आणि मी त्याच्या सुबकपणाची वाखाणणी करीत होतो. त्या दिवशी मला माझ्या पदवीची लाज वाटली.

डॉक्टर सावध बोलणारे होते. त्यांनी मला बजावले, की केवळ या जोडीमुळेच विकार झाला असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. या विकारात आनुवंशाबरोबर पोसण्याचाही भाग असतो. पिल्लू भराभर वाढावे म्हणून भरमसाट खाऊ घातले, वजन वाढले, तर दुबळ्या सांध्यावर भार येतो. आम्हीही खाऊ घालण्यात कसूर केली नव्हती. पण जवळच्या रक्ताची जोड लागली म्हणजे आईकडून आणि बापाकडून एकच दोष येऊन मिळण्याचा संभव वाढतो, हे निश्चित.

किती वाढतो, याचे गणित अवघड नाही. शिक्षकबंधूंना ते फळ्यावर मांडता येईल. बाप-लेक किंवा सख्खे भाऊ-बहीण यांची जोड लागली तर पिल्लातील आनुवंशिक घटकांच्या जोड्यांपैकी सरासरी २५ टक्के जोड्यांत दोन्ही घटक एकाच पूर्वजाकडून आलेले, एकमेकांची नक्कल असलेले, असे असतात. सावत्र भाऊ-बहिणींच्या बाबतीत हे प्रमाण साडेबारा टक्के, आणि चुलत-मावस भावंडांच्या बाबतीत सव्वासहा टक्के पडते. दोष असलेला घटक एकेरी असेल तर बहुधा दडून राहतो, दुहेरी झाला की वर येतो. आपल्या वाडवडिलांनी गोत्र पाहण्याची चाल घातली तिच्यामागचे त्यांचे विचार काय असतील ते असोत. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण गोत्र पाहत नाही आणि नक्षत्र तेवढे पाहतो, असे म्हणावयास हरकत नाही.

पैदास करणाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे. एखादा गुण वंशात पक्का करावयाचा तर नात्यातील जोड लावावी लागते, असे ते म्हणतात, आणि अनेक जाती अशाच रीतीने घडल्या हे खरे आहे. एखादे नाव तिसऱ्या पिढीत दोनदा आले तर लगेच कागद टाकून देण्याचे कारण नाही. पण पहिल्या व दुसऱ्या पिढीत तेच नाव पुनःपुन्हा दिसू लागले तर तेथे थांबावे आणि विचारावे. इंग्लंडच्या केनेल क्लबनेही २००९ पासून आई-मुलगा, बाप-लेक व सख्खी भावंडे यांच्या जोडीतील पिल्लांची नोंद करणे बंद केले आहे. चौदा नावे वाचावयास दोन मिनिटे पुरतात. इंग्रजी अक्षरे न लावता येणाऱ्या माणसालाही दोन नावे सारखीच दिसतात की नाही, एवढे डोळ्यांनी ओळखता येते.

कागद जे सांगत नाही ते विचारून घ्यावे लागते. आईबापांच्या खुब्यांची तपासणी झाली आहे काय, असे विचारावे. तिचे निराळे प्रमाणपत्र असते. आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या पद्धतीत खुब्यांची प्रतवारी ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत करतात. ‘ए’ म्हणजे निर्दोष आणि ‘ई’ म्हणजे फार सदोष. ही तपासणी कुत्रे पूर्ण वाढल्यावर करावयाची असते, म्हणून ती पिल्लाची नव्हे, आईबापांची मागावयाची. डॉबरमनमध्ये हृदयाचा विकार, लॅब्रॅडॉरमध्ये डोळ्यांचा, डाल्मेशियनमध्ये बहिरेपणा, असे निरनिराळ्या जातींचे निरनिराळे आनुवंशिक दोष आहेत. आपण जी जात घेणार तिचा दोष कोणता, हे आधीच आपल्या पशुवैद्यांना विचारून जावे. असे विचारणारे गिऱ्हाईक आले की चांगल्या विक्रेत्याला बरे वाटते, आणि वाईट विक्रेत्याला घाई होते.

आता खरा कागद आणि खोटे पिल्लू, या प्रकाराकडे वळतो. एका वेतात पाच पिल्ले झाली आणि नोंद सातांची केली, तर दोन कागद शिल्लक राहतात. ते कोणत्याही बिनवंशी पिल्लाला चिकटविता येतात. एखादे पिल्लू दगावते, त्याचा कागद दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. कोणी आईबापांच्या कागदांची छायाप्रत काढून देतो आणि म्हणतो, ‘हेच पिल्लाचे पेपर.’ आईबापांच्या नोंदीवरून पिल्लाची नोंद सिद्ध होत नाही. आणि ‘पेपर मागाहून पोस्टाने येतील’ हे वाक्य तर आपण सर्वांनीच कोठे ना कोठे ऐकलेले असेल. संस्थेकडून कागद यावयास वेळ लागतो ही गोष्ट खरी असू शकते. पण तसे असेल तर वेताच्या नोंदणीचा अर्ज केल्याचा पुरावा दाखवावा, पावतीवर तसे लिहून द्यावे, आणि काही रक्कम कागद येईपर्यंत राखून ठेवण्यास मान्यता द्यावी. यांपैकी एकही गोष्ट ज्याला मान्य नाही त्याच्याकडून घ्यावयाचेच असेल तर बिनपेपरच्या किमतीला घ्यावे.

कागद आणि प्राणी यांची गाठ घालण्यासाठी हल्ली मायक्रोचिपचा उपयोग होतो. तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठी अशी ही वस्तू सुईने मानेमागे, खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली घालतात. तीत १५ अंकी क्रमांक असतो. वाचण्याचे यंत्र जवळ नेले की तो यंत्रावर दिसतो. या चिपमुळे हरवलेला कुत्रा कोठे आहे ते घरबसल्या कळते, असा एक समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. चिपमध्ये बॅटरी नसते, ती स्वतः काही कळवीत नाही. क्रमांक सांगणे एवढेच तिचे काम. पण तेवढे काम मोलाचे आहे. पैसे देण्यापूर्वी यंत्र लावून घ्यावे, दिसलेला क्रमांक कागदावरील क्रमांकाशी अंकाअंकाने ताडून पाहावा. त्याच वेळी नर-मादी, रंग आणि जन्मतारीख हीही प्रत्यक्षाशी जुळतात काय ते पाहावे. कागदावर काळा-तांबूस आणि मांडीवर पांढरे, अशा पिल्लाचे समर्थन करणारे विक्रेतेही आहेत. ‘मोठे झाल्यावर रंग बदलतो’ असे ते सांगतात.

आणखी एक गोष्ट जमिनीच्या व्यवहारासारखीच आहे. खरेदीनंतर आपण जसे म्युटेशन करून घेतो, तसे येथेही मालकाचे नाव बदलून घ्यावे लागते. विकणाऱ्याने हस्तांतराच्या अर्जावर सही करावयाची आणि तो अर्ज संस्थेकडे पाठवावयाचा. हे केले नाही तर कुत्रा आपल्या दारात आणि कागदावर मालक दुसराच, अशी स्थिती राहते. पंचायतीकडे वा नगरपालिकेकडे कुत्र्याची जी नोंद करावयाची असते ती वेगळी, आणि लसीकरणाचे कार्ड हे तर अगदीच वेगळे. तिन्ही कागद एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वंशावळीचा कागद नसला तरी कुत्र्याचे काही अडत नाही, परंतु रेबीजची लस टोचली नसेल तर घरातल्या मुलाबाळांच्या जिवाशी गाठ असते. कागदांच्या मानाच्या क्रमात लसीकरणाचे कार्ड मी सर्वांत वर ठेवीन.

आपल्या शेजारच्या मुलखातील एका जातीविषयी थोडे विस्ताराने बोलण्याचा मोह मला आवरत नाही. बेळगावच्या पलीकडे, बागलकोट जिल्ह्यात, मुधोळ हे गाव आहे. तेथे पूर्वी घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान होते. उंच, सडपातळ, खोल छातीचे आणि वाऱ्यासारखे धावणारे शिकारी कुत्रे त्या भागात पिढ्यान्पिढ्या पाळले जातात. संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या संगोपनास उत्तेजन दिले आणि त्यांची एक जोडी इंग्लंडच्या राजाला भेट दिली. २००५ साली आपल्या टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंडला स्थान मिळाले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकातील पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्रही आहे.

या कुत्र्याच्या कागदात मात्र एक गंमत आहे. एक संस्था त्याची नोंद ‘मुधोळ हाउंड’ या नावाने करते, तर केनेल क्लब ऑफ इंडिया ‘कॅरव्हान हाउंड’ या नावाने. खेड्यापाड्यांत त्याला कारवानी म्हणतात. तेव्हा मुधोळ म्हणून घेतलेल्या पिल्लाच्या कागदावर कॅरव्हान असे दिसले तर फसलो असे समजून भांडण काढू नये. भांडण काढावयाचे ते दुसऱ्या ठिकाणी. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो या केंद्रीय संस्थेने मुधोळ हाउंड ही देशी जात म्हणून नोंदविली आहे. ती त्या जातीची नोंद झाली. एकेका पिल्लाची नव्हे. ‘याची सरकारी नोंद आहे’ असे सांगून कोणी जादा पैसे मागू लागला तर त्याला विचारावे, की बाबा, नोंद जातीची की या पिल्लाची?

त्या भागातील पुष्कळ चांगल्या कुत्र्यांना कागदच नसतो, ही गोष्टही खरी आहे. मालकाला आपल्या कुत्रीची आई कोणाकडची, बाप कोणत्या वस्तीवरचा, हे तोंडपाठ असते. याच मुलखात हेळवी नावाचा समाज आहे. सुगीनंतर दारोदार येऊन घराण्यांच्या वंशावळी म्हणून दाखविणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. माणसांच्या पिढ्या लक्षात ठेवणारी माणसे जेथे आहेत तेथे कुत्र्यांच्या पिढ्या कोणी वहीत का उतरून ठेवू नयेत? जोड कधी लावली, कोणाच्या कुत्र्याशी, वेत कधी झाले, पिल्ले किती, कोणाला दिली, एवढी एक वही जरी पाळणाऱ्याने ठेवली तरी पुढच्या नोंदणीचे निम्मे काम झाले. आपल्याकडे जे कोणी पिल्ले विकतात त्यांनाही माझी हीच विनंती आहे.

विकणाऱ्यांना आता कायद्याचेही बंधन आहे, याची माहिती देणे माझे कर्तव्य आहे. केंद्र सरकारने २०१७ साली श्वानपैदास व विक्री यांसंबंधी नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची आहे. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. विक्रीपूर्वी पिल्लाला चिप आणि वयानुसार लस देणे आवश्यक आहे. मादी दीड वर्षाची होण्यापूर्वी आणि आठ वर्षांची झाल्यानंतर तिच्यापासून पैदास करावयाची नाही, वर्षात एकाहून अधिक वेत घ्यावयाचे नाही, आणि तिच्या साऱ्या जन्मात पाचांहून अधिक वेते घ्यावयाची नाहीत. यात घेणाऱ्याच्या उपयोगाचे काय? पिल्लाची जन्मतारीख कागदावर असते. ती आजच्या तारखेतून वजा केली की आठ आठवडे भरले की नाही ते कळते. आईचा स्वतःचा कागद मागून घेतला म्हणजे तिचीही जन्मतारीख मिळते आणि दुसरी वजाबाकी करता येते.

आणि आईचा कागद मागितला की ओघानेच आईही पाहावयास मागावी. हे माझे या विषयातील सर्वांत ठाम मत आहे. पिता पुष्कळदा परगावचा असतो, तो दाखविता येत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण आठ आठवड्यांच्या पिल्लाची आई जवळ नसावी याला सहसा कारण नाही. ती धष्टपुष्ट आहे की हाडे निघालेली, अनोळखी माणूस पाहून कशी वागते, उठताना मागचे पाय नीट टाकते काय, हे पाहावयास कोणतीही पदवी लागत नाही. गाय विकत घेताना जी नजर आपण वापरता तीच येथे वापरावी. मी ती वापरली नाही. मला आई दाखविण्यात आली नव्हती, आणि मी मागितलीही नव्हती, कारण माझ्या हातात कागद होता.

आमची कुत्री अजून आहे. वजन आटोक्यात ठेवले आहे, औषध चालू आहे, पायऱ्यांवर मुलीने स्वतःच्या हातांनी फळी टाकली आहे. तिच्यापासून पिल्ले घ्यावयाची नाहीत हे आम्ही त्याच आठवड्यात ठरविले आणि शस्त्रक्रिया करून घेतली. शेजारच्या घरी एक गावठी कुत्रा आहे. कोणाचा कोण, कोणास ठाऊक, पण पावसापाण्यात तो कधी आजारी पडल्याचे मी पाहिलेले नाही. त्याच्या बापाचे नाव सांगता येणार नाही म्हणून त्याच्या भुंकण्याला चोर कमी भीत नाहीत. राखणीपुरताच कुत्रा हवा असेल तर त्याच्यासारख्याचा विचार अवश्य करावा.

भाषण येथे संपवितो. आज आलेल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी चिप वाचण्याचे यंत्र सोबत आणले आहे आणि ते चहानंतर शाळेच्या व्हरांड्यात बसणार आहेत. ज्यांनी आपले कुत्रे व कागद आणले असतील त्यांनी तेथे यावे. कुत्र्यांना दोरी बांधून, एकेक करून आणावे, म्हणजे गोंधळ होणार नाही. माझ्याकडचा तो कागदही मी आणला आहे. काच काढून टाकली आहे, हाताळून पाहण्यास हरकत नाही.